उरलेला एक किलो

बीसीएला प्रवेश घेतला की आमच्याकडे दोन वस्तू मिळवाव्या लागतात: ओळखपत्र आणि सिनियरची फाइल. ओळखपत्र दिवाळीपर्यंत आलं नाही तरी कोणाचं अडत नाही. फाइलवाचून मात्र सगळं अडतं.

फाइल म्हणजे प्रॅक्टिकलची वही. उजवीकडच्या रेघांच्या पानावर प्रोग्राम पेनानं लिहायचा आणि डावीकडच्या कोऱ्या पानावर आउटपुट पेन्सिलनं. आउटपुट म्हणजे कॉम्प्युटरनं दिलेलं उत्तर, पण ते कॉम्प्युटरला विचारायची पद्धतच नव्हती. वर्गात आम्ही साठ, आणि लॅबमधले चालू कॉम्प्युटर सात. म्हणून सिनियरच्या फाइलमधून उतरवायचं, त्यानं त्याच्या सिनियरच्या फाइलमधून उतरवलेलं असायचं. सौंसरहून पांढुर्ण्याला जाणाऱ्या बसमध्ये मांडीवर दप्तर ठेवून मीही पहिले बारा प्रोग्राम असेच उतरवले. अक्षर सुरेख म्हणून सरांनी ती फाइल वर्गाला दाखवली. त्या कौतुकाची मला आजही लाज वाटते.

बारावा प्रोग्राम होता तीन संख्यांची सरासरी काढायचा. फाइलमधल्या संख्या १०, २०, २५ आणि उत्तर १८.३३. सगळ्यांच्या फाइलमध्ये हेच.

त्याच सुमारास आमच्या वावरात संत्रा तोडणी चालू होती. एका कॅरेटमध्ये सरासरी किती माल बसतो हे पाहायला बाबांनी तीन कॅरेट काट्यावर ठेवले होते. २०, २१ आणि २३ किलो. मला शिकलेलं दाखवायची खुमखुमी. मोबाइलवर प्रोग्राम चालवायचं ॲप होतं, त्यात मी बारावा प्रोग्राम जसाच्या तसा टाकला, वजनं घातली आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, बरोबर एकवीस. बाबा आठवी शिकलेले. हातातल्या संत्र्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "एकवीस त्रिक त्रेसष्ट. वजन आहे चौसष्ट. तुह्या मोबाइलनं एक किलो खाल्ला ना बाई. तो कुठी गेला?"

मी आधी मोबाइलला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी लॅबच्या कॉम्प्युटरवर तोच प्रोग्राम टाकला, तर तिथंही एकवीसच. मग फाइलमधल्या संख्या घातल्या. उत्तर आलं १८.०००००० आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. फाइलमधलं १८.३३ कोणत्याच कॉम्प्युटरनं दिलेलं नव्हतं. कधीतरी कोणीतरी ते तोंडी काढून लिहिलं होतं आणि त्यानंतरच्या प्रत्येक बॅचनं ते पेन्सिलीला टोक काढून काढून उतरवलं होतं.

दोन दिवस पुस्तकाशी भांडले तेव्हा कळलं. पूर्ण संख्येला नुसत्या तीननं भागलं की सी भाषा उरलेलं टाकून देते. तीनच्या जागी ३.० लिहिलं की उरलेलं जपून ठेवते. कॉम्प्युटर चुकला नव्हता. आम्ही त्याला काय सांगतोय ते आम्हालाच ठाऊक नव्हतं. कॉलेजात शिकलेली ही माझी पहिली खरी गोष्ट, आणि ती मला वावरात सापडली.

मी बाराव्या प्रोग्रामचं आउटपुट खोडलं आणि जे आलं ते लिहिलं, १८.००००००. त्याखाली पेन्सिलनंच ३.० घालून सुधारलेला प्रोग्राम आणि त्याचं उत्तर. सगळ्यात खाली एक ओळ: ही चूक माझ्या बाबांनी संत्र्याच्या कॅरेटवर पकडली.

सरांनी बाकी सगळ्या पानांवर सही केली आणि त्या पानावर पेन थांबवला. त्यांनी मला ते पान फाडून पुन्हा लिहायला सांगितलं. सर वाईट नव्हते. त्यांची नेमणूक दर वर्षी नव्यानं व्हायची आणि त्यांना कसलीच भानगड नको होती. "तुझी एक फाइल अलग दिसली तर बाहेरचे सर बाकीच्यांच्या उघडतील," ते म्हणाले. "साठ पोरांचं नुकसान काहून करून राहिली तू?"

"साठ जणांनी चालवून पाहावं, सर," मी म्हणाले. "पाच मिनिटं लागतात."

एक जरी सही कमी असली तर प्रॅक्टिकलला बसू देणार नाही, असं त्यांनी बजावलं. प्रॅक्टिकल गेलं की वर्ष गेलं. मैत्रिणींनी बोलणं कमी केलं. घरी बाबाच म्हणाले की एका पानासाठी वर्ष घालवू नको, लिहून टाक. मला त्यांचा फार राग आला. चूक पकडायची स्वतः आणि लिहायची मात्र नाही? मी ते पान फाडलं नाही.

परीक्षेच्या दिवशी सरांनी दारात माझ्याकडे पाहिलं, पण बाहेरचे परीक्षक समोर येऊन बसले होते, म्हणून काही बोलले नाहीत. परीक्षक फाइली वाचत नव्हते, भराभर सह्या बघत पानं उलटत होते. माझ्या फाइलमध्ये ते एकाच पानावर अडले, कारण तेवढ्याच पानावर सही नव्हती. अख्ख्या दिवसात त्यांनी वाचलेलं ते एकमेव पान असावं. त्यांनी मला प्रोग्राम चालवायला लावला. १८.००००००. मग त्यांनी गठ्ठ्यातल्या पाच-सहा फाइली उघडल्या, सरांकडे एकदा पाहिलं आणि त्या पानावर स्वतः सही केली.

कोणाचंच वर्ष गेलं नाही. सरांच्या हातातले अंतर्गत गुण मला वर्गात सगळ्यात कमी मिळाले. ते मी कोणाला विचारायला गेले नाही, कशाचे आहेत ते मला माहीत होतं.

पुढच्या वर्षी ज्युनियरांत माझ्या फाइलला भलताच भाव आला. खुद्द परीक्षकांची सही असलेली फाइल! ती हातोहात फिरली. काही महिन्यांनी लॅबमध्ये एका मुलाची फाइल सहज उघडली. बारावा प्रोग्राम, १८.००००००, खाली ३.० आणि त्याखाली वळणदार अक्षरात: ही चूक माझ्या बाबांनी संत्र्याच्या कॅरेटवर पकडली. त्याचे बाबा शाळेत शिक्षक आहेत. शेजारच्या मुलीच्या फाइलमध्येही तेच होतं. माझ्या बाबांना एका वर्षात साठ लेकरं झाली होती.

मी हसले, आणि मग संतापले. खरं उत्तरसुद्धा उतरवून घेतलं तर त्याचं १८.३३ च होतं.

मी फाइल परत मागून घेतली. रविवारी अंगणात बसून चाळीसच्या चाळीस प्रोग्रामांची आउटपुटं खोडरबरानं खोडली. पेन्सिलनं लिहायच्या पद्धतीचा तेवढा एक फायदा झाला. ३.० चा सुधारलेला प्रोग्राम आणि बाबांची ओळही खोडली.

यंदा पहिल्या वर्षाची एक मुलगी फाइल घेऊन गेली आणि दुसऱ्याच दिवशी परत आली. "ताई, डावीकडची सगळी पानं कोरीच आहेत. उत्तरं कुठी आहेत?"

मी तिला चालू कॉम्प्युटरसमोरची खुर्ची ओढून दिली.