मावशीच्या यजमानांचं सायडर

अमेरिका पाहून आलेली माणसं मी पुष्कळ सोसली, पण आमच्या मावशीच्या यजमानांइतका, म्हणजे काकांइतका, असह्य माणूस उभ्या बंगळुरात दुसरा नसेल. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मुलगा तिकडे कॉम्प्युटरच्या नोकरीत. त्याच्याकडे तीन महिने राहायला म्हणून हे गेले ते स्वेटर घेऊन, आणि आले ते सायडर घेऊन. म्हणजे सफरचंदाचा रस, त्यात दालचिनी, लवंगा, संत्र्याची साल टाकून मंद आचेवर उकळायचा आणि गरमगरम प्यायचा. एवढंसं ते प्रकरण, पण चामराजपेटेतल्या त्या दोन खोल्यांत दर रविवारी त्याचा असा काही थाट चाले की मावशीला कुकर लावायला शेगडी मोकळी मिळत नसे.

या सगळ्या खटाटोपाचं कारण मावशीनेच मला सांगितलं होतं. पाच वर्षांची नात तीन महिन्यांत यांच्या जवळ फिरकली नव्हती. हाक मारली की आईमागे लपायची. फक्त एका संध्याकाळी सायडरचा पेला घेऊन ती आपणहून यांच्या मांडीवर येऊन बसली. आता डिसेंबरात ती इकडे यायची होती, आणि तेच सायडर पाजून तिला पुन्हा जवळ आणायचं असा या गृहस्थांचा बेत. हे ठाऊक असूनही मला त्यांची दया येत नसे, कारण चव बघायला मलाच बोलावणं यायचं.

मार्केटात ते एकेक सफरचंद हुंगून घेत आणि फळवाल्याला बजावत, ‘‘अण्णा, स्वल्प हुळी बेकु.’’ थोडं आंबट हवं. गिऱ्हाइकं त्या बिचाऱ्याशी जन्मभर भांडली ती फळ आंबट निघालं म्हणून. आंबटच द्या म्हणणारा हा पहिलाच. तो यांच्याकडे बघत राही आणि गोडच फळं पिशवीत भरी. एकदा यांनी रस पितळेच्या पातेल्यात चढवला. मावशी म्हणाली, ‘‘अहो, कल्हई उडालीय त्याची, कळकेल.’’ ‘‘तुला तिकडच्या पद्धती काय ठाऊक,’’ म्हणाले. जसं काही फळाचा रस तिकडची पद्धत बघून पितळेशी नीट वागणार होता! रस कळकला, आणि माझी जीभ संध्याकाळपर्यंत माझी राहिली नाही. लवंगांचं प्रमाण तर असं, की शेजारच्या अक्का खोकला झाला की वाटी घेऊन दारात उभ्या राहू लागल्या. ‘‘तुमचा तो कषाय द्या हो थोडा.’’ सायडरला काढा म्हटलं म्हणून यजमान चार दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. खोकला मात्र बरा झाला होता.

डिसेंबरात नात आली, आणि आल्याआल्या आईमागे लपली. यांनी पेला पुढे केला. तिने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, ‘‘हे ते नाही.’’ मला मनातून बरंच वाटलं. पण हे शांतपणे म्हणाले, ‘‘मग काय कमी आहे, तूच सांग.’’ पोरगी जरा विचारात पडली, आईचा पदर सोडून स्वयंपाकघरात आली, ओट्यावर चढून बसली आणि पातेल्यात वाकून बघू लागली. मग रोज सकाळी तेच. ही दालचिनी मोडायची, हे ढवळायचे, ही चाखून ‘हे ते नाही’ म्हणायची, आणि दोघं पुढचे दोन तास गप्पा मारत बसायची.

सहाव्या दिवशी मी गेलो तर काका ओट्याशी एकटेच होते. न विचारता त्यांनी पेला हातात दिला. नावं ठेवायच्या तयारीनेच मी घोट घेतला, आणि लगेच दुसरा घेतला. फार सुरेख झालं होतं.

‘‘काका, जमलं की हो.’’

‘‘हो, आज जमलंय खरं,’’ ते म्हणाले. बाहेर नातीच्या चपला वाजल्या. त्यांनी शांतपणे मिठाची बरणी उघडली, चांगलं चमचाभर मीठ पातेल्यात टाकलं आणि ढवळलं. ‘‘अजून नऊ दिवस आहे ती,’’ माझ्याकडे न बघता म्हणाले.

ती ओट्यावर चढली, चाखलं, तोंड वाकडं केलं. ‘‘आजोबा, हे ते नाही.’’

‘‘सरी, ठीक आहे,’’ काका म्हणाले, ‘‘उद्या परत करू.’’

माझ्यासाठीही त्यांनी त्यातलंच पेलाभर ओतलं होतं. मी ते खारट पाणी एक शब्द न बोलता शेवटपर्यंत प्यालो.