वहीची कोरी बाजू: बोईसर, सातपाटी आणि लवादाची शिकवणी

बोईसरला कुणी फिरायला जात नाही. कामाला जातात, बदली होऊन जातात, मुलीचं सासर तिथलं असलं तर जातात. मी गेलो लवाद व्हायला शिकायला. लवाद म्हणजे दोन भांडणाऱ्यांनी कोर्टाची पायरी न चढता आपसात नेमलेला निवाडा करणारा माणूस. गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. लवादाचा नवा कायदा नुकताच आला होता आणि माझ्या गळ्यात एक लवादी पडली होती.

मी तेव्हा नाशिकच्या एका तंत्रनिकेतनात शिकवत होतो. दिलीप आणि शशी हे माझे दोन जुने मित्र. दोघांनी वीस वर्षं एकत्र फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवलं आणि मग त्यांचं बिनसलं. शेड कुणाकडे राहणार आणि वर्कशॉपचं नाव कोण वापरणार, यावर गाडी अडली. पाच वर्षांपूर्वी त्यांनी भागीदारीचा करारनामा नव्याने केला, तेव्हा त्यात लिहिलं होतं की वाद झालाच तर माझा निर्णय दोघांवर बंधनकारक. तेव्हा आम्ही तिघं त्यावर हसलो होतो. आता दोघांची रीतसर पत्रं आली होती आणि कुणी हसत नव्हतं.

"कुठली भाजी करायची यावर तुमचा निकाल लागत नाही, आणि निघाले दोन मित्रांचा न्याय करायला!" आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. बरोबरच होतं. तेवढ्यात कॉलेजच्या फलकावर नोटीस दिसली. बोईसरला कारखानदारांच्या एका संघटनेने इंजिनिअर लोकांसाठी लवादाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं. मी नाव दिलं. खरं सांगायचं तर नियम तेवढे शिकायचे बाकी आहेत असं मला वाटत होतं. दोघांच्याही घरी न विचारता पाटावर जाऊन बसणारा मी, माझ्याइतका निःपक्ष माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही, ही खात्री होतीच.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळी सहाची एसटी, त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड या रस्त्याने. जाणार असाल तर याच रस्त्याने जा आणि डाव्या खिडकीशी बसा. वळणं पोट ढवळून काढतात, तेव्हा खाणं जव्हारच्या स्टँडवरच करा. तिथली मिसळ साधी होती, पण चहा फक्कड. मोखाड्याच्या पुढे उतारावरची नाचणी कापून झाली होती. एका फाट्यावर चार-पाच कुटुंबं गाडीत चढली, भांडी, गोधड्या, एक कोंबडी. वीटभट्टीच्या कामाला निघाली होती. माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, परत कधी येणार? "पावसाआदी. भात लावाया नको?" तो म्हणाला आणि लगेच झोपला.

मनोर, चिल्हार फाटा करत बेटेगाव मागे पडलं आणि हवेचा वास बदलला. कसलंतरी आंबट, तिखट रसायन. दीडच्या सुमारास बोईसरला उतरलो तेव्हा मी नाकाला रुमाल लावूनच होतो. स्टेशनजवळचा चहावाला हसला. "साब, नये आये हो क्या? दो दिन में नाक मान जाएगी." दोन दिवस नाही, दीड दिवसातच मानली. लॉजची खोली ऐंशी रुपये, भिंतीला पोपटी रंग, पाणी सकाळी सहा ते आठ. समोरच्या खानावळीत राइसप्लेट मिळे आणि बुधवारी बांगडा.

प्रशिक्षण औद्योगिक वसाहतीतल्या एका हॉलमध्ये होतं. आम्ही वीस-बावीस जण होतो. शिकवायला प्रधान मॅडम, ठाण्याच्या वकील, बुटक्या, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत. पहिला दिवस नियमांचा. एका पक्षाच्या गाडीतून पाहणीला जायचं नाही. एकाचं पत्र आलं तर त्याची नक्कल दुसऱ्याला मिळाली का ते बघायचं. एकट्या पक्षाबरोबर चहासुद्धा नाही. "चहाला नाही म्हणता येत नसेल तर लवादी घेऊ नका," मॅडम म्हणाल्या. मी मनात म्हटलं, हे तर सोपं आहे.

दुसऱ्या दिवशी माझी फजिती झाली. लुटुपुटूची सुनावणी होती. वाद एका कारखान्याच्या पाइपलाइनचा. कंत्राटदार म्हणे मालकाने ऐनवेळी पाइप बदलायला लावला, मालक म्हणे जोडकामच कच्चं. मला लवाद केलं. सुरू होण्याआधी मॅडमनी दाव्याचे दोन कागद वाचायला दिले आणि म्हणाल्या, "कोण जिंकेल असं आत्ता वाटतं आणि का, ते लिहून पाकिटात बंद करा." मी लिहिलं. मग तीन तास सुनावणी चालली. कंत्राटदार झालेला गृहस्थ गप्पिष्ट होता, हातवारे करून बोले, मध्येच विनोद. मालक झालेला एक केमिस्ट, विचारलं तेवढ्याचं उत्तर देणारा. शेवटी मी निवाडा लिहिला, कंत्राटदाराच्या बाजूने, आणि स्वतःवर खूश झालो.

मॅडमनी पाकीट फोडून दोन्ही कागद शेजारी ठेवले. कारणंसुद्धा तीच, जवळजवळ त्याच शब्दांत.

"मग सुनावणी कशाला घेतलीत?"

मी म्हटलं, माझा अंदाज बरोबर निघाला असेल. त्यांनी माझी वही मागितली. पानाच्या मधोमध रेघ मारून डावीकडे एकाचं, उजवीकडे दुसऱ्याचं म्हणणं टिपायचं होतं. डावी बाजू भरून मागच्या पानावर गेली होती. उजवीकडे चार ओळी.

"ते कमी बोलले," मी म्हटलं.

"तुम्ही त्यांना प्रश्न किती विचारलेत?"

एक. तोही 'तुमचं झालं का?' असा. सगळे हसले, मीही हसलो. पण कान गरम झाले होते, आणि डोळ्यांपुढे केमिस्ट नव्हता, शशी होता. दिलीप बोलका, पेटी वाजवणारा, दारातूनच हाक मारणारा. शशी मोजून मापून, वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढून कामात बुडालेला. वीस वर्षं मी त्यांच्या शेडवर जात होतो, ते कुणाशी बोलायला जात होतो?

माझा उतरलेला चेहरा बघून तरेंनी मला सातपाटीला चला म्हटलं. हरेश्वर तरे आमच्याच वर्गात होते, सातपाटीच्या एका मच्छीमार सोसायटीचे सचिव, इंजिनिअर नसूनही हट्टाने आलेले. बोईसरहून पालघर आणि तिथून एसटी. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला तालुका होता. आता त्याचाच जिल्हा होऊन शेजारच्या कोळगावला मोठमोठी सरकारी कार्यालयं झाली आहेत, तेव्हा तिथे भातखाचरं होती. सातपाटीला उतरलो तर उन्हं कलत होती. बांबूंच्या मांडवावर बोंबील ओळीने लटकत होते. बोटी लागल्या होत्या, बायका टोपल्या घेऊन भराभर निवड करत होत्या, आणि माझ्या पायात सगळीकडे जाळी.

तरेवहिनींनी ताजे बोंबील तळले, तांदळाची भाकरी, वर कोलंबीचं कालवण. जेवता जेवता मी माझी सगळी कथा सांगितली. तरे म्हणाले, "आमच्याकडं दोन बोटींची जाळी गुंततात. कापायची कुनाची, ह्याच्यावर भांडण. आता गावात ज्याचं आपल्याशी नातं नाय असा मानूस आनायचा कुटून? एक माजा साडू, दुसरा चुलतभाव. मग बसल्यावर आदी मीच बोलतो, हा माजा साडू हाय, आनि मला हाच बरा वाटतो. चालत असंल तर बसतो, नायतर दुसरा बगा."

"आणि चालतं?"

"कदी चालतं, कदी नाय."

वहिनी माझ्या ताटात आणखी एक बोंबील टाकत म्हणाल्या, "तुमाला दोगांतला कोन जास्त आवडतो?"

मी म्हटलं, दोघंही माझे जिवलग आहेत.

"त्ये नाय इचारलं."

दिलीप, असं मी म्हटलं, आणि ते मी आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्याने म्हणत होतो. वहिनींना त्यात काही विशेष वाटलं नाही, त्या कालवण वाढायला वळल्या.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी नेमकं तेच कायद्याच्या भाषेत सांगितलं. पक्षांशी असलेला जो संबंध शंका निर्माण करील, तो लवादाने नेमणुकीआधीच लेखी कळवायचा. तरेंनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. दुपारी प्रमाणपत्रं मिळाली, माझ्या नावात काना चुकला होता. वेळ होता म्हणून रिक्षाने चिंचणीला जाऊन समुद्र पाहिला. सुरूच्या झाडांखाली ताडगोळे नव्हते, हंगाम नव्हता, शहाळं प्यायलो. मन हलकं होतं. हरलेल्या माणसाला इतकं बरं वाटतं हे मला ठाऊक नव्हतं. सकाळच्या गाडीने नाशिक.

रविवारी दोघांना एकदमच घरी बोलावलं. एकमेकांकडे न बघता बसले. मी लिहिलेलं पत्र वाचून दाखवलं. माझा कल दिलीपकडे आहे, तो मला अधिक आवडतो, शशीचं म्हणणं मी आजवर नीट ऐकलेलं नाही, म्हणून ही लवादी मी घेऊ नये. दिलीप ओशाळून हसला. शशीने चष्मा पुसला.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "करारात तुझं नाव मीच सुचवलं होतं."

"ठाऊक होतं तर मग सुचवलंस कशाला?"

"तू माझ्याशी कधी बोलत नाहीस. म्हटलं, लवाद झालास तर तुला ऐकावंच लागेल."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवावंसंही वाटलं नाही. मग दिलीपच म्हणाला, "घे रे तू. आता तर घ्यायलाच पाहिजेस." दोघांनी पत्राखाली संमतीच्या सह्या केल्या.

निकाल काय दिला ते विचारू नका, लवादाने ते सांगायचं नसतं. दोघं आजही माझ्याकडे येतात, वेगवेगळे का होईना. तुम्ही बोईसर-पालघरला जाल तेव्हा जव्हारचा घाट दिवसाउजेडी करा आणि सातपाटीला भूक ठेवून जा. मी तिथून काय आणलं, ते पहिल्या सुनावणीला कळलं. वहीत मधोमध रेघ मारून मी शशीला पहिला प्रश्न विचारला आणि गप्प बसलो. तो पावणेदोन तास बोलला.