कूलरच्या तक्रारी आणि कोपनहेगन

आमच्या ऑफिसात तक्रार आली की तिला नंबर मिळतो. किश्शांना नंबर नसतो, ते नुसते साठत जातात आणि चार जण चहाला बसले की एकातून दुसरा निघतो. मी अकोल्याला, जठारपेठेत, एका कूलर कंपनीच्या तक्रार केंद्रात आहे. आम्ही आठ जण. फोन घ्यायचा, ऐकून घ्यायचं, मेकॅनिक पाठवायचा. काम एवढंच. पण ज्यानं अकोल्याचा मे महिना काढलाय त्याला विचारा, हे काम लहान आहे का ते!

*

मी अमरावतीचा, नवाच लागलो होतो. पुण्याच्या हेड ऑफिसनं फोनवर कसं बोलायचं ते छापून दिलं होतं. पहिलाच फोन अकोटच्या एका काकांचा. मी कागद समोर धरून वाचलं, "आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनःपूर्वक दिलगीर आहोत."

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दिलगिरी राहू द्या जी. मानूस पाठवा."

शेजारी वंदनाताई होत्या, आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या. त्यांनी माझ्या हातून फोन घेतला, "काहून जी, काय झालं?" म्हणून सुरुवात केली आणि पाच मिनिटांत काकांच्याच हातून पंपाची जाळी साफ करून घेतली. कूलर सुरू! त्या दिवशी ताईंनी शिकवलं त्यावर मी आजही पोट भरतो.

*

मागच्या वर्षी कंपनीनं सहज म्हणून एक अर्ज केला आणि कोपनहेगनहून बोलावणं आलं. ग्राहकसेवेची आंतरराष्ट्रीय परिषद! छोट्या केंद्रांच्या सत्रात वंदनाताईंनी बोलायचं, मी शेजारी उभं राहून इंग्रजी करायचं. मालकसाहेबही येणार होते, पण वेगळ्या कामाला. तिथं फोन उचलणारी मशिनं मांडली होती, त्यातलं एक त्यांना पसंत करायचं होतं. माणूस सरळ. निघायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं, "मशीन पटलं तर अकोल्याचं केंद्र बंद करावं लागेल."

म्हणजे आमच्या पोटावर पाय देणारी वस्तू बघायला आम्हीच विमानानं निघालो होतो. त्यातून एप्रिल, ऐन सीझन. मागे राहिलेल्या सहा जणांनी साप्ताहिक सुट्ट्या सोडल्या. "जा तुमी, आमी पाहून घेतो," एवढंच म्हणाले. नोकरी जायची वेळ आली असताना असं कोण म्हणतं? त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

*

कोपनहेगनला एप्रिलमध्ये लोक कोट घालून हिंडत होते. त्यांना कूलर काय सांगणार! जेवणाच्या टेबलावर एका बाईंनी विचारलं, तुमची वस्तू करते काय? मी सांगितलं, खिडकीत पत्र्याची पेटी असते, तिला तीन बाजूंनी गवताच्या ताट्या, त्यांच्यावर पाणी पडतं आणि पंखा आतली हवा खोलीत फेकतो.

बाई विचारात पडल्या. मग हळूच म्हणाल्या, "पण अशानं खोली उलट थंडच होईल ना!"

मी ताईंना मराठीत सांगितलं. ताईंनी खिडकीबाहेरचे कोट पाहिले आणि म्हणाल्या, "बाईले मे महिन्यात आपल्या घरी बोलावून घ्या."

*

मशीन खरंच चांगलं निघालं. साहेबांनी ताईंनाच ते तपासायला लावलं. ताई फोनवर वऱ्हाडीत बोलल्या, मशीननं सगळं समजून घेतलं, पत्ता विचारला, तक्रार नोंदवली. एक चूक नाही. ताईंनी मनापासून दाद दिली, "हुशार आहे जी." साहेब खूश. सही बाकी असलेला कराराचा कागद त्यांनी फाईलमध्ये घातला.

बाहेर आल्यावर ताई मला म्हणाल्या, "मी खोटं कशी बोलू? पन आपल्या आठ जनांचं काय होईल रे?"

*

दुसऱ्या दिवशी ताईंचं भाषण. पहिल्या रांगेत साहेब, मांडीवर तीच फाईल. ताई छान बोलत होत्या, मी इंग्रजी करत होतो. साडेदहाला ताई मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "माफ करा, अकोल्यात आता दोन वाजले. मी एका मावशीले दोनचा शब्द देल्ला आहे." आणि भर स्टेजवर त्यांनी खिशातून मोबाईल काढला!

तो शब्द मला माहीत होता. मोझरीकडच्या एक मावशी, घरात नवरा ऑपरेशन होऊन पडलेला, कूलर बंद. निघायच्या आधी ताईंनी त्यांना सांगितलं होतं, मेकॅनिक येऊन गेला की शुक्रवारी दोनला मी स्वतः विचारीन. मी लोकांना कसंबसं ते समजावलं. ताईंनी स्पीकर सुरू करून फोन माईकजवळ धरला.

"मावशी, वंदना बोलून राहिली. कूलर सुरू झाला का?"

"झाला वं बाई. यायले झोप लागली आता. तू कुठून बोलून राहिली? आवाज लय दुरून येते."

"कोपनहेगनहून, मावशी. परदेशात आहो."

मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होतो. तेवढ्यात साहेब उठून स्टेजवर आले, ताईंच्या हातून फोन घेतला आणि म्हणाले, "मावशी, मी कंपनीचा मालक बोलतोय. आमची सेवा कशी वाटली?"

"मालक का तुमी?" मावशी म्हणाल्या. "मंग काई लाजगीज आहे का नाई? कोनाचा कूलर बिघडला म्हून पोरीले एवढ्या दूर पाठवतेत का? घरी पाठवा तिले."

साहेबांनी हातातल्या फाईलकडे पाहिलं.

"पाठवतो, मावशी," ते म्हणाले. "अकोल्याला, तिच्याच खुर्चीवर."