अकरा घरांच्या रिकाम्या ओळी

शनिवार, २८ जानेवारी १९५६. दुपारी तीन. मुलींच्या शाळेची मोठी खोली. हजर: सातवीच्या नऊ मुली, गावातल्या चौतीस बाया आणि मी. खाली एक ओळ वेगळ्या शाईत आहे, ती मी दोन दिवसांनी घातली: शाळेत पाणी भरणाऱ्या मावशी, मागच्या पडवीत, भांडी घासायला.

ही वही माझ्याजवळ अजून आहे. मी सगळ्याच गोष्टींच्या याद्या करते. सव्वीस जानेवारीला काय करायचं याचीही केली होती: झेंडा, गाणं, खाऊ आणि नागरिकांच्या हक्कांचा धडा. धडा मुलींना तोंडपाठ होता. एकवीस वर्षं पुरी झालेल्या प्रत्येकाला मत आहे, बाईलाही आहे, हे त्या एका सुरात म्हणायच्या. म्हणून मी त्यांना चावडीवर नेलं. तिथं मतदारांची कच्ची यादी टांगली होती. म्हटलं, आपापली आई शोधा.

सापडेना. यादीत 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशा ओळीच्या ओळी होत्या. मागच्या निवडणुकीच्या वेळी नावं लिहायला आलेल्या माणसाला बायांनी आपलं नाव सांगितलं नव्हतं. परक्या पुरुषाला कोण सांगणार? आता असल्या ओळी कटणार होत्या, आणि दुरुस्तीचे अर्ज वाशीमच्या तहसिलीत मंगळवारपर्यंतच घेणार होते. मुलींनी मोजल्या, आमच्या गावच्या पंचेचाळीस निघाल्या.

त्यातली एक ओळ पाणी भरणाऱ्या मावशींची होती. मागच्या वेळी त्या मत द्यायला गेल्या, तासभर रांगेत राहिल्या आणि चिठ्ठी सापडत नाही म्हणून परत आल्या. गुरुवारी झेंडा उतरवल्यावर त्यांनी मला विचारलं, "या बारी त माह्यं नाव चढन न, बाई?"

"चढेल. शनिवारी लिहू."

शुक्रवारी मुली घरोघर हिंडल्या आणि कोऱ्या वह्या घेऊन परत आल्या. अर्जात बाईचं नाव हवं आणि नवऱ्याचंही. आपलं नाव बाया मुलींना सांगायच्या, पण नवऱ्याचं घेईनात. पुरुषांना विचारलं असतं तर तासाभरात काम उरकलं असतं. पण आपला अर्ज आपण भरायचा, हे मला मुलींना दाखवायचं होतं.

मग मला उखाणा आठवला. नवऱ्याचं नाव एरवी घेत नाहीत, हळदीकुंकवाला घेतातच. संक्रांतीचे दिवस होते. घरोघर सांगावा धाडला: शनिवारी शाळेत हळदीकुंकू, वाण म्हणून बोरं, हरभऱ्याचे घाटे आणि उसाचे करवे. दाराशी दोन मुली अर्ज घेऊन बसवल्या, दोन अंगठ्याची शाई घेऊन. बाई आली की आधी कुंकू, मग उखाणा, मग अंगठा, मग वाण. या व्यवस्थेचा मला फार अभिमान वाटला होता, हे लिहून ठेवते.

पहिलीनंच रंग भरला. "वालाचा वेल चढला मांडवावर, अमुकरावाचं नाव घेतो, लिहा सरकारी कागदावर!" अमुकराव हे मी घातलं. तिनं नाव ठणठणीत घेतलं होतं.

एकीनं विचारलं, "बाई, मत कोनाले द्याचं थे नाही सांगत का तुमी?"

"ते मी सांगायचं नाही. आणि तुम्हीही कुणाला सांगायचं नाही."

"नवऱ्यालेबी नाही?"

"नवऱ्यालाही नाही."

"घ्या वं! नवऱ्याचं नाव साऱ्या गावात सांगाचं आन् नवऱ्याले काहीच नाही सांगाचं. हे बरं हाय!"

खोलीभर हसू उसळलं. संध्याकाळपर्यंत चौतीस अर्ज झाले. मागच्या पडवीत पितळी पेले घासल्याचा आवाज येत होता.

सोमवारी सकाळी मी अर्ज घरांच्या यादीशी ताडून पाहिले. अकरा घरांसमोरच्या ओळी रिकाम्या होत्या. मुलींना विचारलं, "या अकराजणी का आल्या नाहीत?"

मुली एकमेकींकडे पाहायला लागल्या. मग एक म्हणाली, "बाई, त्या विधवा हायेत. त्यायले हळदीकुंकवाले कोन बलावते?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आज सोमवार आहे, इतक्याच सहज ती म्हणाली. सांगावा मी धाडला होता, मुलींनी तो जिथं द्यायची रीत तिथं दिला होता. सगळ्यांना सारखा हक्क म्हणून धडा शिकवणारी मी, नावं लिहायला दार असं निवडलं होतं की अकराजणींना त्यातून येताच येऊ नये.

मावशी विहिरीवर होत्या. मी दोन मुलींना घेऊन तिथंच गेले. "मावशी, शनिवारी तुम्ही सांगितलं का नाही?"

त्यांनी आधी घागर वर ओढून घेतली. "काय सांगू? तुमीच म्हनलं होतं, शनवारी लिहू. म्हनून धुतलेलं लुगडं नेसून आली होती. पडवीतून आयकून राह्यली होती सारं. म्हनलं, आतमंदल्या बाया झाल्या का मंग बलावतीन."

"चुकलं माझं. आता सांगा."

त्यांनी आपलं नाव सांगितलं. मग मुलीची पेन्सिल थांबली. पुढचं कसं विचारायचं ते तिला कळेना, मलाही कळेना.

"उखाना काही येत नाही मले आता," मावशी म्हणाल्या. "तसंच सांगतो." आणि बांधावरून हाक मारावी तसं त्यांनी नवऱ्याचं नाव उच्चारलं. "लिहिलं का वं? वाच बरं."

मुलीनं वाचलं.

"हं. बराबर हाय."

बाकीच्या दहा घरी आम्ही दिवस मावळायच्या आत जाऊन आलो. मंगळवारी मी बैलगाडीनं रिसोड गाठलं आणि तिथून मोटारीनं वाशीम. तहसिलीतल्या कारकुनानं दोन गठ्ठे पाहून विचारलं, "हे अकरा वेगळे का बांधले?"

म्हटलं, "माझ्या हातून वेगळे पडले. तुम्ही एकत्र लावा."

त्यांनी लावले. पुढच्या वर्षी मतदानाला मावशी सकाळीच रांगेत होत्या, तेच लुगडं नेसून. चिठ्ठी सापडली. बाहेर आल्यावर बोटावरची शाई त्यांनी मला दाखवली. मी सहज विचारलं, "झालं ना नीट?"

"झालं. पन कोनाले देल्लं थे नाही सांगत," त्या म्हणाल्या. "नवऱ्यालेबी नाही."

त्या शनिवारच्या पानावरची सगळी कामं मी खोडली, एक सोडून. ते मी विहिरीवरून आल्यावर लिहिलं होतं: पुढच्या संक्रांतीला सगळ्यांना आत बसवणे. सत्तावन्न साली मी अकरा घरी स्वतः सांगून आले. कुणी आलं नाही. यंदा, अठ्ठावन्न साली, नुसता तिळगूळ ठेवला, कुंकवाचा करंडा बाहेर काढलाच नाही. तेव्हा तिघी आल्या आणि पडवीत बसल्या. मावशी त्यांच्यात होत्या. मी म्हटलं, आत या. त्या म्हणाल्या, "इथंच बरं हाय, बाई." खोलीतल्या बायांपैकी एकीनंही सरकून जागा केली नाही, आणि आधी या आतल्या बायांशी बोलायला हवं होतं हे मला तेव्हा सुचलं.

मी त्यांच्याशी अजून बोलले नाही.