बेकरीवाल्याच्या हातचं

माझ्या लग्नाच्या पंगतीत मामा तूप वाढत होता. तूप वाढून गप्प राहील तर तो मामा कसला! नवऱ्यामुलाच्या आत्याच्या पानापाशी थांबून म्हणाला, "आमची मुलगी केकसुद्धा करते, बरं का! विलायती!"

मी जन्मात केक केला नव्हता. काचेआड ठेवलेला एक लांबून पाहिला होता, तोही मिठाई समजून. पण आमच्या माहेरी थापा मारणं वाईट समजत नसत. घराण्यात खरं बोलणारा एकच काका होऊन गेला. त्याचं लग्न जमेना, तेव्हा शेवटी त्यालाही सुधारावं लागलं.

आत्याबाईंनी मामाकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे पाहिलं. केक म्हणजे अंडं. अंडं फोडलेले हात ते हेच. त्यांनी पानातलं तूपही भाताखाली लोटलं. आमच्या ह्यांची आई लहानपणीच गेली होती आणि आत्याबाईंनीच ह्यांना वाढवलं होतं, त्यामुळे माझी सासू म्हणाल तर त्याच. पहिल्याच जेवणात मी सासू गमावली.

खरं सांगून टाकता आलं असतं. पण मग मामा खोटा पडला असता. शिवाय बंगळूरला ह्यांच्या कारखान्यातल्या मंडळींत 'केक करणारी वहिनी' म्हणून माझं बरं नाव झालं होतं, आणि कोणी केक मागितला की मी "ओव्हन माहेरी राहिला" म्हणून सुटत असे.

तेव्हा आम्ही राजाजीनगरात राहत होतो. वस्ती इतकी नवी की घराला धड पत्ता नव्हता. 'निलगिरीच्या झाडापलीकडे' एवढं लिहिलं की पोस्टमन झाडालाच पत्र देऊन परत जाई. थंडी अशी की बाटलीतलं खोबरेल आषाढात गोठायचं ते होळीला सुटायचं. अशा घरी, लग्नाला वर्ष व्हायच्या आत, आत्याबाई मिरजेहून चातुर्मासासाठी आल्या. बरोबर स्वतःची शेगडी, स्वतःची भांडी आणि एक नेम. त्या वर्षी त्यांनी धान्यफराळ धरला होता. म्हणजे धान्य आधी कोरडं भाजून घ्यायचं, मगच ते पोटात जायचं. लाह्या चालतील, भाजणी चालेल, फळं-दूध-तूप-गूळ चालेल. साधा भात, साधी पोळी बंद.

त्यांनी मागच्या खोलीत आपली चूल मांडली. माझ्या हातचं पाणीसुद्धा नको. ह्यांच्यासाठी मात्र त्या रोज साग्रसंगीत स्वयंपाक करत, आणि मीही करत असे. हे आधी मागच्या खोलीत जेवत, मग पुढे येऊन माझ्याकडे जेवत, आणि दोन्हीकडे "आज भूक फार लागली होती" असं म्हणत. श्रावण संपेपर्यंत ह्यांच्या विजारी शिंप्याकडे जाऊन आल्या. भाद्रपदात शिंपीच घरी येऊन राहतो की काय अशी वेळ आली.

"काहीतरी कर," एका रात्री हे पोटावर हात ठेवून म्हणाले. "ती तुझ्या हातचं खाल्ल्याशिवाय गेली ना, तर पुन्हा या घरात पाऊल टाकायची नाही. मी तिला ओळखतो."

मीही ओळखायला लागले होते. माझं घर त्यांच्या लेखी धर्मशाळा होती: राहायला जागा, जेवण आपलं आपण.

वाट सापडली ती चहापानातून. कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या एका परदेशी इंजिनिअरने ह्यांना बंगल्यावर बोलावलं होतं. तिथे ह्यांनी एक गोड पदार्थ खाल्ला आणि घरी येऊन त्याचं चित्र काढलं. हे कुठल्याही गोष्टीचं वर्णन करत नसत, आराखडा काढत. ताटाचा उभा छेद दाखवून म्हणाले, "हा खालचा थर. मऊ. सफरचंद असावं. हा वरचा थर, जाडी अर्धा इंच, कुरकुरीत. दोन थरांमधे पोकळी नको. सगळं एकदम भट्टीत."

"वरचा थर कशाचा?"

"कसलं तरी धान्य. भाजलेलं."

भाजलेलं! मी ह्यांच्या हातातून आराखडाच ओढून घेतला. खाली फळ, वर भाजलेलं धान्य. त्या परदेशी बाईने आयुष्यात चातुर्मास पाळला नसेल, पण पदार्थ मात्र अगदी धान्यफराळाचा केला होता.

तेव्हा बंगळूरच्या आसपास सफरचंदं पिकत. आज सांगितलं तर लोकांना ही माझी थाप वाटते, पण या लेखात निखळ खरं असं एवढंच आहे. हिरवी, मुठीएवढी, आणि इतकी आंबट की एक चावलं तर मागच्या जन्मातले दात आंबत. ती चिरली, गूळ-वेलदोडा लावून ताटात पसरली. जोंधळ्याच्या लाह्या आणि भाजलेले पोहे जाडसर कुटले, तुपात चोळले, गूळ घातला आणि ह्यांच्या आराखड्याबरहुकूम वर थापले. हे फूटपट्टी घेऊन आले. अर्धा इंच भरला तेव्हा कुठे ताट हलवू दिलं.

भट्टी कोपऱ्यावरच्या अय्यंगारांच्या बेकरीत होती. दुपारी पाव निघाले की भट्टीत ऊब उरत असे, तेव्हा आसपासच्या बायका आपापली नानखटाई ताटांत घालून तिथून भाजून आणत. बेकरीवाला मोठा कडक. कपाळावर नाम, दंडावर पीठ. कोणी अंड्याचा केक आहे का विचारलं, तर तो माणूस उभा होता ती पायरी धुवून काढी. तिथल्या पायऱ्या झिजल्या त्या गिऱ्हाइकांनी नव्हेत, धुण्याने.

त्याने माझ्या ताटात डोकावून पाहिलं. "एनु अक्का हे? खाली फळं, वर चिवडा?"

"विलायती आहे."

त्याची नजर पायरीकडे गेली. "अंडं?"

"नाही हो अण्णा! उपासाचं आहे."

"विलायतेत उपास करतात?"

"कडक," मी म्हणाले.

"सरी," म्हणून त्याने ताट आत सरकवलं. "स्वल्प थांबा."

ताट बाहेर आलं तेव्हा वरचा थर तांबूस झाला होता आणि कडेने गुळाचा रस बुडबुडत होता. वासाने एक म्हैस रस्ता चुकून बेकरीत शिरली, असं मी पुढे अनेकांना सांगितलं आहे. निदान तिने मान तरी वळवली असावी.

घरी आत्याबाई लाह्या चावत बसल्या होत्या. लाह्या चावताना त्यांचा चेहरा कोर्टात साक्षीला उभ्या राहिलेल्या माणसासारखा होई. मी ताट समोर ठेवलं.

"काय आहे?"

"फळं आणि लाह्या. धान्यफराळाचं आहे, आत्याबाई."

"केलं कोणी?"

"मी चिरलं, मी कुटलं. भाजलं बेकरीत."

"म्हणजे त्या अय्यंगाराने?"

"हो."

त्यांनी डोळे मिटले. त्या मनातल्या मनात शास्त्रार्थ करत होत्या आणि दोन्ही बाजू त्यांच्याच होत्या. मग निकाल दिला. "कच्च्या फळाला काय, बाजारात शंभर हात लागतात. लाह्या कोरड्या. तूप माझ्याच डब्यातलं दिसतंय. भाजलं कोणी, ते महत्त्वाचं. तो माणूस सोवळ्यातला आहे, मी पाहिलाय पायरी धुताना. वाढ."

त्या खायला लागल्या. वरचा थर कुरकुर वाजत होता. वाटी संपली, दुसरी संपली, तिसरीत त्यांनी बोट फिरवलं. दारामागे हे श्वास रोखून उभे. मी पदर सावरून कौतुकाला तयार झाले.

"छान," आत्याबाई म्हणाल्या. "बेकरीवाल्याच्या हाताला चव आहे हो!"

त्यानंतर दर आठवड्याला ते ताट बेकरीत जाऊ लागलं. चिरायचं मी, कुटायचं मी, नाव बेकरीवाल्याचं. आत्याबाई शेजारणींना सांगत, "आमच्या इथला बेकरीवाला फार सुग्रण." नवरात्रात त्यांनी त्याच्या बायकोला खणसुद्धा पाठवला, आणि तो नेऊन दिला मीच. बेकरीवाल्याने विचारलं, "कशाबद्दल, अक्का?" मी म्हटलं, "तुमच्या हाताबद्दल." त्याने हात उलटसुलट करून पाहिले आणि खण ठेवून घेतला. मला अजून त्यांच्याकडून हातरुमालही मिळाला नव्हता.

चातुर्मास संपत आला. नेमाचं उद्यापन त्यांना मिरजेला करायचं होतं, म्हणून ह्यांनी त्यांचं तिकीट काढून आणलं. सकाळची गाडी. आदल्या दुपारी आत्याबाई देवळातून आल्या त्या पाय आपटतच.

"भट्टी ढासळली त्याची! विटांचा ढीग पडलाय रस्त्यात, आणि तो कपाळाला हात लावून बसलाय. आता महिनाभर तरी ती पेटत नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "जायच्या आधी एकदा खाल्लं असतं. जाऊ दे. बेकरीवाल्याच्याच हातचं, त्याला काय करणार?" आणि जपाला बसल्या.

मी तडक स्वयंपाकघरात गेले. शेगडी पेटवली, पातेल्यात वाळू तापवली, वाळूत ताट ठेवलं, वर परात झाकली आणि परातीवर निखारे रचले. माझी आई याच पद्धतीने नानखटाई करायची. मला ती कधीच जमली नव्हती, कारण आई करत असताना मी शेजारी बसून गोष्टी सांगत असे. धूर असा झाला की पलीकडच्या गल्लीत लोकांनी दिवे लावले. परात उचलताना एक निखारा बोटावर घरंगळला. मी ओरडले नाही. त्या काळात मी ओरडले की आवाज थेट मंड्या गावापर्यंत जाई, आणि मागच्या खोलीत जप चालू होता.

रात्री वाटी वाढून आत्याबाईंपुढे ठेवली. हे जेवायला बसले होते, त्यांनी आश्चर्याने तोंड उघडलं. "अगं, पण बेकरी तर आज…"

मी त्यांच्या पानात भाताचं मोठं ढेकूळ वाढलं. इंजिनिअर असले तरी एवढं कळलं त्यांना.

आत्याबाईंनी वाटीकडे पाहिलं. एका कडेला जरा जास्त भाजलं होतं, मधे जरा कमी. माझ्या पदराला राख होती. आज 'कोणी केलं' हे त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. मला ओळखणाऱ्या कोणालाही विचारा, न सांगणं ही माझ्या बाबतीत केवढी गोष्ट आहे!

कुरकुर सुरू झाली. त्यांनी सावकाश वाटी संपवली आणि पुन्हा पुढे केली.

"आज बेकरीवाल्याचा हात चांगला लागलाय," त्या ह्यांना म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "त्याला म्हणावं, बोटाला तूप लाव. माझ्या डब्यातलं घे म्हणावं."

सकाळी टांगा दाराशी आला. मी वाकून नमस्कार केला, तशी त्यांनी पिशवीतून एक खण काढून माझ्या हातात ठेवला. हिरवा, इरकली काठाचा.

"बेकरीवाल्याला दे."

"त्याच्या बायकोला दिला होता ना तुम्ही, नवरात्रात?"

"तो तिला. हा बेकरीवाल्याला." त्या टांग्यात चढल्या, शेगडी मांडीजवळ घेतली आणि वळून म्हणाल्या, "आणि बाह्या कोपरापर्यंत शीव म्हणावं. तो फार आखूड घालतो."