रमण्यातली येळवस

सासऱ्यांचा निरोप आला, "रमणा बघायला या." मला हसू आलं, आणि बायकोकडे, सुमनकडे बघताच हसण्याची लाजही वाटली.

लातूरच्या वेशीबाहेर, औशाच्या रस्त्याला, सरकारनं हरणांसाठी रान राखून ठेवलंय. लोक त्याला रमणा म्हणतात. त्यात माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे मामांचं, शेत गेलं. आता हौशी मंडळी परवाना काढून तिथं सैरीला जातात. मामांनीही काढला, स्वतःच्याच शेतात शिरायचा परवाना! दिवस निवडला वेळाअमावस्येचा. आमच्याकडे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी शेतवाला घरात जेवत नाही. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारतो, चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतो, आंबिलीचा नैवेद्य दाखवतो आणि वाटसरूलाही जेवायला बसवतो. मामांना त्याच जागी ही पूजा आणखी एकदा करायची होती. सत्तरी ओलांडलेला माणूस, दुसरं काही मागत नव्हता.

आमच्यासारखे नांदेडहून मोटारीनं निघालात तर आधीच सांगतो, कपडे जुने घाला. पेट्रोल लढाईवर गेलंय, मोटार कोळशावर चालते, आणि अहमदपूरच्या चढाला उतारूंनी उतरून ढकलायची असते. भाडं मात्र बसून गेल्याचंच. लातूरला मामांकडे मुक्काम केला. सकाळी सुमननं आंबिलीचं मडकं टांग्यात मांडीवर घेतलं, शेंगाभाज्यांची भज्जी आणि ज्वारीचे उंडे फडक्यात बांधले, आणि आम्ही सैरीला निघालो.

फाटकावर रखवालदार पाशाभाई उभा होता. मामांना तो लहानपणापासून ओळखतो.

"अण्णा, परवाना सैरीचा हाय. चूल न्हाई, पूजा न्हाई. साहेबाचा सख्त हुकूम हाय."

"चूल कशाला? सगळं घरून आणलंय," मामा म्हणाले. पूजेबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

"मग चला. मी संगं येतो."

रान खरंच देखणं आहे, याचाच जास्त राग येतो. हिवर, बाभळी, मधे पिवळं गवत. वाटेत जुनी दगडी बारव लागते, पायऱ्या अजून शाबूत; तिथं पाणी प्या, गोड आहे. पुढे काळविटांचा कळप दिसला. आमच्याकडे बघून तो जागचा हललासुद्धा नाही. जिथं चरत होता तिथं मामांची ज्वारी उभी असायची.

बांधाच्या वळणावर मामा एकदम थांबले.

"सुमे, बघ! पांडव! कुणीतरी चुना लावून जपलेत गं!"

गवतातून पांढरे दगड डोकावत होते. मामांनी पायताण काढलं आणि काट्याकुट्यांतून जवळजवळ पळतच गेले. पहिल्या दगडावर डोकं टेकवलं. दगड त्यांचेच होते; एवढाले पांडव मांडायची हौस त्यांच्या वडिलांची. मी पलीकडून गेलो. मागच्या बाजूला डांबरानं उर्दू आकडा लिहिलेला होता. प्रत्येक दगडावर पुढचा आकडा, आणि सगळे एका रेघेत, लांब लांब रोवलेले.

पाशाभाई खाली बघून म्हणाला, "हद्दीचे दगड हायत ते, अण्णा. हितंच घावले, साहेब म्हणले हेच रोवा. चुना सरकारी हाय. हात नका लावू, माझी नोकरी जाईल."

मामांनी हात काढून घेतला. सुमन रडायला लागली. मला त्या साहेबाची, त्या परवान्याची, सगळ्यांची चीड आली, आणि करता काहीच येईना. मामांनी मात्र मडक्यावरचं फडकं सोडलं.

"बस पाशा. येळवशीला शेतावर आलेला माणूस उपाशी जात न्हाई."

"अण्णा, मी कसा..."

"बस म्हणतो ना."

त्यांनी स्वतः वाढलं. पाशाभाई मान खाली घालून जेवला. मामांनी घास घेतला नाही, दगडांकडे पुन्हा पाहिलंही नाही.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. हरणं दिसतील, सावली आहे, माणसं अदबीनं वागतात. मी काही पुन्हा जायचा नाही.

लातूरला परतलो तेव्हा दिवस मावळला होता. सगळे आत गेले, मामा अंगणातच उभे.

"सुमे, अंघोळीला पाणी काढ."

"आत्ता? एवढ्या थंडीत? सकाळी झाली की अंघोळ, दादा."

"मसणातून आल्यावर तसंच घरात शिरतात का?"

सुमन पाणी तापवायला निघाली तर मामांनी तिला अडवलं, आणि आडाचं गार पाणी डोक्यावर ओतून घेतलं.