मोठा सोलेनॉइड

चिंचपोकळीला माझी गाडी बघणारा मेकॅनिक बोलतो तो बॉनेटमध्ये डोकं घालूनच. समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही. परवा मी तिथे असताना त्याच्या गाळ्याचा मालक टर्बो गाडी घेऊन आला. टर्बोच्या हवेचा दाब सांभाळणारा विजेवरचा व्हॉल्व्ह, म्हणजे सोलेनॉइड, बिघडला होता. मालकाने दाब वाढवणारा, रेसच्या गाड्यांचा सोलेनॉइड सोबत आणला होता.

“हाच लाव. गाडी पळाली पाहिजे.”

“कंपनीचाच लावीन. ह्याने इंजिन फुटेल.”

“गाळा कोणाचाय, माहितीये ना?”

तेव्हा त्याने मान वर केली. “गाळा तुमचाच आहे, शेठ. पण हे मी लावणार नाही.” त्याने बॉनेट बंद केलं आणि किल्ली मालकाच्या हातात ठेवली. मालक तणतणत निघून गेला.

मी विचारलं, “उद्या गाळा खाली करायला लावला तर?”

“उद्याचं उद्या. तुमची गाडी आत घ्या.”